गुरुजींची बाग
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



दाभोळच्या बागेविषयी दहा मिनिटं बोला, असा मला हुकूम आहे. जन्म बँकेत गेला, त्यामुळे वेळ पाळण्याची सवय आहे.

दाभोळ आता आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं हे जुनं बंदर. बहामनी आणि आदिलशाही काळात इथून अरबस्तान, इराणपर्यंत व्यापार चाले. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडा याने ते जाळलं, तरी गाव पुन्हा उभं राहिलं. किनाऱ्याजवळची जुनी मशीद, गुहेतली चंडिकादेवी, धोपाव्याला जाणारी फेरीबोट ही दाभोळची ओळख. माझी ओळख मात्र शाळेची.

मॅट्रिकचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आमच्या घरात फीचे पैसे नव्हते. गणिताच्या गुरुजींनी ते भरले. म्हणाले, "नोकरी लागली की दे." नोकरी लागली; पण पहिला पगार हातात येण्याआधीच गुरुजी गेले. पुढे शाळेने त्यांच्या स्मरणार्थ आवारात बाग केली. बकुळ, सोनचाफा, सुरंगी, रातांबे. वर्गणीचं पत्र मलाही आलं होतं. "पाठवू सावकाश" म्हणून मी ते बाजूला ठेवलं, ते राहूनच गेलं. दुसऱ्यांच्या थकबाकीच्या नोटिसांवर आयुष्यभर सह्या केल्या, पण स्वतःचं हे खातं थकीतच राहिलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. दापोली, मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. त्यात गुरुजींची बागही गेली. मोबाइलवर आलेल्या फोटोत पाटी तेवढी दिसत होती. मी हा विषय आपल्या वार्षिक सभेत 'ऐनवेळचे विषय' मध्ये मांडला आणि तुमच्यातले चौदा जण तयार झाले. त्या दिवशीचे उपकार मी विसरलेलो नाही.

आता माझी चूक सांगतो. २०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत आपण गेलो, कारण ती सुट्टी आपल्याला सोयीची होती. झाडांना ती सोयीची नव्हती! शाळेचे शिपाईमामा म्हणाले, "साहेब, आता लावू नका. पावसाच्या तोंडावर लावा. मे महिन्यात पाणी कोण घालणार?" मी ऐकलं नाही. एवढी माणसं घेऊन आलोय, रिकाम्या हाताने कसं जायचं? चाळीस रोपं लावली, फोटो काढले, परत आलो. मे महिन्यात एकटाच गेलो, तेव्हा सहा जिवंत होती. जांभ्याची जमीन, पाऊस कितीही पडो, पाणी धरत नाही. दोष सर्वस्वी माझा होता. तुमची वर्गणी वाया गेली, त्याबद्दल त्या वर्षीच्या सभेत माफी मागितली होती. आज पुन्हा मागतो.

त्यानंतर मी मामांना विचारल्याशिवाय कुदळ उचलली नाही. मे महिन्यातच खड्डे खणले, उन्हात तापू दिले, शेणखत आणि पालापाचोळ्याने भरले. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून रातांब्याची कलमं आणली. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलं तर फळ धरेल की नाही, हे कळायलाच कित्येक वर्षं जातात. पहिले दोन पाऊस झाल्यावर लागवड केली. गुरं आत येऊ नयेत म्हणून ढासळलेला गडगा पुन्हा रचला. तो रचताना आपल्या बी विंगच्या वहिनींनी दोन नखं गमावली, पण चिरा सोडला नाही.

पाण्याचं कोडं मुलांनी सोडवलं. खिचडी खाल्ल्यावर हात आणि ताटल्या धुतात, ते पाणी चर काढून आळ्यांत सोडलं. एकेका वर्गाने झाडं वाटून घेतली. सुट्टीत मामांचं घर पाणी घालतं. त्याचा मोबदला आपल्या वर्गणीतून जातो, उपकार म्हणून फुकट काम आपण करून घेत नाही.

एक गोष्ट राहिली. वादळात पडलेली जुनी बकुळ कापून जागा मोकळी करावी, असं मीच म्हणत होतो. मामांनी वाकून दाखवलं: एका बाजूची मुळं अजून मातीत होती आणि आडव्या खोडातून फुटवे सरळ वर निघाले होते. ती तशीच ठेवली. आता मधल्या सुट्टीत मुलं तिच्यावर बसून डबा खातात. मागच्या खेपेला एक मुलगी तिथे बसून पाढे घोकत होती. मी जरा वेळ लांबच उभा राहिलो.

बागेत आपल्या सोसायटीची पाटी लावावी, अशी सूचना आली होती. ती आपण नम्रपणे बाजूला ठेवली. जुनीच पाटी रंगवून लावली. गुरुजींचं नाव मी इथे मुद्दाम घेतलेलं नाही. ते तिथे येऊन वाचा.

येत्या जूनमध्ये मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची आहेत. येणाऱ्यांनी सेक्रेटरींकडे नावं द्यावीत. छत्री आणि जुने कपडे आणावेत. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी गुडघ्यांची सबब सांगू नये. मी सांगत नाही.