दवाखान्यातले चिवट जंतू

दोंडाईच्याहून नातेवाइकाला मोठ्या दवाखान्यात हलवलं, की आपण खाटेभोवती गर्दी करतो. तिथले जंतू हातांवरून पसरतात. काहींकडे प्रतिजैविकं निकामी करणारी जनुकं असतात. ‘एनडीएम-१’ त्यांपैकीच. त्याच्या जोरावर जंतू औषधाचा रेणू तोडणारं विकर तयार करतो. हे जनुक दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जातं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ मध्ये कार्बापेनेमसारख्या राखीव औषधालाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. २२ मध्ये हे जनुक सापडलं.

तेव्हा रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवा. पाकिटावर उभी लाल रेघ असलेली प्रतिजैविकाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, उरलेली शेजाऱ्यालाही देऊ नका.