घरातल्या हिऱ्यांची मोजदाद

(मंडळाच्या उन्हाळी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'हिरेतज्ज्ञ' असं छापलंय, ते आधी खोडून टाका. मी साधा कॉम्प्युटर इंजिनियर. हिऱ्यांशी माझा संबंध आला तो दोन कारणांनी. एका विमा कंपनीच्या क्लेम्स सिस्टिमवर मी दीड वर्ष कन्सल्टंट होतो, तेव्हा दागिन्यांच्या दाव्यांचा डेटा रोज डोळ्यांखालून जायचा. आणि दुसरं कारण म्हणजे सासूबाईंच्या दागिन्यांची वाटणी. बायको इथे न्यू जर्सीत, तिची ताई पुण्यात, आणि मधे सात-सात हिऱ्यांच्या कुड्या नि एका हिऱ्याची अंगठी. दोघी बहिणींचं एकमेकींवर फार प्रेम. म्हणूनच दोघींना धास्ती, की यावरून उगाच मनात काही राहायला नको. शेवटी ताई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही इंजिनियर ना, मग मोजा की!"

तेव्हा आज हिरा कसा विकत घ्यावा हे मी सांगणार नाही. जो हिरा आधीच तुमच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये आहे, त्याच्याबद्दल बोलू या.

आधी कॅरटचा घोळ मिटवतो. सोन्याचा २२ कॅरट म्हणजे शुद्धता आणि हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे आंतरराष्ट्रीय पातळीवर १९०७ साली ठरलं. त्याचे शंभर भाग म्हणजे आपल्याकडचे 'सेंट' आणि अमेरिकेतले 'पॉइंट'. पण आपल्या घरातल्या जुन्या पावत्यांवर कॅरट नसतोच, असते रत्ती. आणि रत्ती एक नाही! सोनाराची रत्ती म्हणजे गुंज. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. हिशेब केला तर एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ कॅरट. ग्रहांचे खडे विकणाऱ्यांची रत्ती मात्र सुमारे ०.९ कॅरट. नाव तेच आणि वजन दीडपट.

सासूबाईंच्या अंगठीच्या पावतीवर लिहिलं होतं 'हिरा सव्वा रत्ती'. ताईंनी ओळखीच्या एका दुकानात विचारलं, त्यांनी मोठी रत्ती धरून '१.१४ कॅरट' सांगितलं. बायकोने गुंजेचा हिशेब केला तर आलं ०.७६. एक कॅरटच्या वर आणि एक कॅरटच्या खाली यात किमतीचा मोठा फरक पडतो, कारण हिऱ्याचा भाव दर कॅरटला असतो आणि हिरा मोठा होईल तसा तो दरही चढतो. आता आली का पंचाईत?

इथे मोजमाप उपयोगी पडतं. वजनासाठी हिरा कोंदणातून काढायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात डिजिटल कॅलिपर मिळतो. त्याने हिऱ्याचा व्यास मोजायचा, दोन दिशांनी मोजून सरासरी घ्यायची. अंगठी मागून उघडी असेल तर वरच्या सपाट पैलूपासून खालच्या टोकापर्यंतची खोलीही मोजता येते. कॅलिपर हलक्या हाताने धरा, दाबू नका. मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली (सगळं मिलिमीटरमध्ये) गुणिले ०.००६१. उत्तर येतं ते कॅरटमध्ये. हे सूत्र गोल हिऱ्यासाठी. खोली मोजता येत नसेल तर व्यासाच्या साठ टक्के धरायची. आजच्या पद्धतीच्या गोल हिऱ्याला या हिशेबाने साडेसहा मिलिमीटरला एक कॅरट, ५.२ ला अर्धा, ४.१ ला पाव आणि ३ मिलिमीटरला दहा सेंट वजन येतं.

आमच्या अंगठीतला हिरा भरला ५.८ मिलिमीटर, खोली ३.८. म्हणजे ०.७८ कॅरट. गुंजेच्या हिशेबाशी जमलं. १.१४ व्हायला तो हिरा जवळजवळ पावणेसात मिलिमीटरचा लागला असता. एवढी चूक कॅलिपर करत नाही. मी आकडे ताईंना पाठवले, त्यांनीही पुण्यात पट्टी घेऊन कागदावर वर्तुळं काढून बघितली, आणि हा प्रश्न मिटला.

आता इंजिनियर आहे म्हणून सांगतो, या सूत्रात व्यासाचा घन दडलाय. एका साध्या कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर साडेसहाच्या हिऱ्याच्या वजनात साधारण पाच टक्के फरक पडतो, पण ३ मिलिमीटरच्या हिऱ्याच्या वजनात दहा टक्के. त्यामुळे कुड्यांमधल्या बारीक हिऱ्यांसाठी दोन दशांशांपर्यंत आकडे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कुड्यांत सात-सात, एकूण चौदा हिरे, प्रत्येकी दहा सेंट धरले तर १.४० कॅरट झाले. पण मंडळी, चौदा बारके हिरे मिळून १.४० आणि एकच हिरा १.४० कॅरटचा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुकानातल्या चिठ्ठीवर 'एकूण वजन' लिहिलेलं असतं ते याचसाठी नीट वाचायचं.

जुन्या हिऱ्यांची आणखी एक गंमत. अंगठीतल्या हिऱ्याकडे वरून भिंगाने पाहिलंत आणि बरोबर मध्यभागी एक बारीक गोल टिकली दिसली, तर बहुधा तो जुन्या पद्धतीने पैलू पाडलेला हिरा आहे. त्याचं खालचं टोक कापून सपाट केलेलं असतं, त्याचीच ती टिकली. असे हिरे पोटाला जास्त खोल असतात. म्हणून साठ टक्के खोली धरली तर वजन कमी येतं. आमच्या हिऱ्याचं तसं केलं असतं तर ०.७१ च आलं असतं. उलट तळ सपाट असलेले, वर घुमटासारखे पैलू असलेले हिरे असतील, किंवा पोलकी असेल, तर हे सूत्र सरळ विसरा. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ साली गोल हिऱ्याच्या कोनांचं गणित पुस्तकातून मांडलं. आपल्या पणज्यांचे हिरे त्याच्याही आधीच्या कारागिरांनी नजरेच्या अंदाजाने घडवलेले असू शकतात. दुकानदार म्हणेल, 'नवीन पैलू पाडून देतो, चमक वाढेल.' माझं स्पष्ट मत आहे, नको म्हणा. वजन घटतं आणि जुनेपण जातं ते कायमचं.

रंग आणि स्वच्छता यांच्या बाबतीत मात्र घरी फार शहाणपणा करू नये. जीआयए या अमेरिकन संस्थेची डी ते झेड ही रंगाची मोजपट्टी १९५० च्या दशकातली. सुरुवात डी पासून, कारण ए, बी, सी ही अक्षरं तेव्हा बाजारात ज्याने त्याने आपापल्या अर्थाने वापरली होती. स्वच्छता पाहतात दहापट भिंगाखाली. अगदी निर्दोष, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय. पण हे सगळं काटेकोरपणे होतं ते सुट्या हिऱ्याचं. पिवळ्या सोन्याची झाक हिऱ्यात उतरते, आणि हिऱ्याला धरणाऱ्या सोन्याच्या टोकांखाली डाग लपू शकतो. म्हणून जडवलेल्या हिऱ्याची प्रामाणिक प्रतवारी 'जे ते एल', 'व्हीएस२ ते एसआय१' अशीच असते. अंगठीतल्या हिऱ्याला कुणी छातीठोकपणे 'जी, व्हीएस१' म्हणत असेल तर त्याला विचारा, हिरा काढून पाहिलात का? आणि निव्वळ प्रमाणपत्रासाठी जुन्या कुड्यांतले हिरे काढू नका. जुनं कोंदण पुन्हा तसंच बसेल याची खात्री नसते. एकच मोठा हिरा असेल आणि विकायचाच असेल, तर गोष्ट वेगळी.

पाहण्याआधी दागिना धुवा. कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ ब्रश. सिंकची जाळी आधी बंद करा, हे सांगायला लागतंच. मागून बंद कोंदण असेल तर मात्र पाण्यात घालू नका. आत चमकीचा वर्ख असतो, पाणी शिरलं की तो काळा पडतो. मोती असतील तरी भिजवायचं नाही. आणि तुकोबांच्या अभंगात हिऱ्याची परीक्षा ऐरणीवर घण मारून होते, ती घरी करायची नाही. हिऱ्यावर ओरखडा पडत नाही, पण ठराविक दिशेने घाव बसला तर तो फुटतो.

खरा की खोटा? आपल्याकडे ज्याला 'अमेरिकन डायमंड' म्हणतात तो क्यूबिक झिर्कोनिया इथे अमेरिकेत त्या नावाने कुणालाच कळत नाही, हा एक विनोदच. तो उष्णतेच्या साध्या टेस्टरवर पकडला जातो. मॉइसनाइट त्या टेस्टरला फसवतो, आणि प्रयोगशाळेत बनवलेला हिरा तर हिराच असल्यामुळे पासच होतो. आजीच्या काळच्या हिऱ्यांना ही भीती नाही, मधे कधी दुरुस्तीला देताना खडा बदलला गेला नसेल तर. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी व्यास लिहून ठेवा आणि मॅक्रो लेन्सने फोटो काढा. हिऱ्यातला डाग म्हणजे त्याचा अंगठ्याचा ठसाच असतो.

आता किंमत. ताई नि बायकोमध्ये गैरसमज व्हायची खरी जागा ही होती. इथल्या मूल्यमापनाच्या कागदावरचा आकडा बहुधा विम्यासाठी असतो. तसाच दागिना आज दुकानातून नवा घ्यायला काय पडेल, तो आकडा. विकायला गेलात तर हातात त्याच्या बरंच खालीच पडतं. ताईंना वाटलं तेवढे डॉलर अंगठीचे येतात. म्हणून आम्ही एकाच स्वतंत्र मूल्यमापकाकडून दोन्ही दागिन्यांची एकाच पद्धतीची किंमत काढून घेतली. त्याची फी तासावर होती. किमतीच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्याकडे जाऊच नका, आकडा फुगवण्यात त्याचा फायदा असतो. आमचे दोन आकडे बऱ्यापैकी जवळ आले. ताईंनी कुड्या घेतल्या, बायकोने अंगठी, आणि फरक सोन्याच्या दोन बांगड्यांनी भागला.

विम्याबद्दल थोडक्यात. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला बहुधा १,५०० डॉलर्सचीच मर्यादा असते, वर हवं तर दागिना वेगळा नोंदवावा लागतो. दाव्याच्या वेळी कंपनी पाहते ती त्या नोंदीतलं वर्णन. मी पाहिलेल्या डेटात 'डायमंड इयररिंग्ज, १ जोड' एवढंच लिहिलेल्या नोंदी ढिगाने होत्या. त्यावर मिळणार ते आजच्या बाजारातले साधे टॉप्स. 'सात-सात हिऱ्यांच्या कुड्या, जुने पैलू, प्रत्येक सुमारे ३ मिमी, २२ कॅरट सोनं, फिरकी' असं लिहिलेलं असेल तर निदान भांडता येतं. नव्या अंगठ्या असतील तर हिऱ्याची कड भिंगाने पाहा, लेझरने कोरलेला नंबर सापडू शकतो. प्रमाणपत्र हरवलं असलं तरी त्या नंबरावरून त्याची नोंद शोधता येते.

मागच्या टेबलावर दोन कॅलिपर, तीन भिंगं आणि सूत्र भरलेला लॅपटॉप ठेवलाय. चहा येईपर्यंत ज्यांना मोजायचं असेल त्यांनी या. कानातलं काढताना फिरकी जपा, इथे गालिचा आहे.