कोळणीचा बटवा

सरकारी दफ्तरात बंदरावर उतरलेल्या मासळीच्या वजनाची मोजदाद इमानेइतबारे होत असली, तरी मुंबईच्या १८७५ साली बांधलेल्या ससून गोदीत पहाटेच्या लिलावात घासाघीस करणारी, कोळंबी सोलणारी आणि वर्सोव्यास बांबूंच्या वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवावर, बोंबील वाळवणारी स्त्री त्या आकड्यांत दिसत नाही. मासळीच्या धंद्यातील स्त्रियांच्या कामावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने, माझ्या मते, प्रथम कोळणीचा बटवा अभ्यासावा. कारण पुरुषांनी आणलेल्या मासळीचे रोकड पैसे बहुधा तिच्याच हातून होतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर साधारणतः १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीची विक्री संसारास हातभार लावते. बर्फ आणि टेम्पोभाडे यांचा खर्च त्याच बटव्यातून निघतो.