प्रवाळ वाकडे का वाढते?



मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, उथळ पाण्यात जिवंत प्रवाळे आहेत. किल्ला पाहून परतणाऱ्या पुष्कळांना त्यांची कल्पनाही नसते. १९८७पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे.

प्रवाळ म्हणजे इवल्याशा जीवांची वसाहत. एकाला अंकुर फुटून दुसरा, दुसऱ्याला फुटून तिसरा. सगळे एकाच वाणाचे. प्रत्येक जण समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्याखाली कठीण बैठक रचत जातो. सगळे इतके सारखे, तर वसाहत चहूबाजूंनी सारखी का वाढत नाही? एक फांदी लांब आणि शेजारची खुरटी, असे का?

पहिले कारण ऊन. या जीवांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडात अन्न तयार करून त्यांना देते. उजेडात चुनाही भराभर साठतो. सावलीतली बाजू मागे पडते. दुसरे कारण प्रवाह. पाणी ज्या अंगाने येते, तिकडच्या जीवांना भक्ष्य आधी मिळते. जे टोक जरा पुढे आले, त्याला आणखी मिळते, म्हणून ते आणखी पुढे सरते. आतल्यांच्या वाट्याला उरलेसुरले. सुरुवातीचा केसभर फरक असा वाढत जातो.

टर्बिनारिया मेसेंटेरिना हे प्रवाळ मला यात सर्वांत विलक्षण वाटते. उथळ, लख्ख उजेडाच्या पाण्यात त्याचे पापुद्रे उभे राहून एकमेकांत मुरडतात, अगदी कोबीच्या गड्ड्यासारखे. उभे राहिल्याने डोक्यावरचे कडक ऊन विभागले जाते. खोल पाण्यात उजेड तुटपुंजा, म्हणून तेच प्रवाळ सपाट, आडवे पसरते. शास्त्रज्ञांनी तुकड्यांची जागा बदलून पाहिली, तेव्हा नवी वाढ नव्या जागेप्रमाणे झाली.

पोराइट्स जातीच्या गोळ्याचे आणखी वेगळे. त्याचा माथा सुकतीच्या पातळीला पोचला, की उघडा पडून मरतो. कडा मात्र आडव्या वाढत राहतात. अशा सपाट माथ्यांवरून समुद्राची जुनी पातळी ताडता येते.

पोराइट्स वर्षाकाठी साधारण १ सेंटिमीटर वाढते. वीतभर उंचीला वीसेक वर्षे लागतात. म्हणून नांगर टाकताना खाली वाळू आहे ना, हे आधी बघा. आणि पोहताना दम लागला, तरी त्या गोळ्यावर पाय टेकू नका.