चौक कोणाचा, नाव कोणाचं?

आज बचत आणि हप्ते जरा बाजूला ठेवू या. आज बोलायचंय भिंतीवरच्या चित्राबद्दल.

दिवाळीआधी डहाणू तालुक्यातल्या आमच्या गटाला एका व्यापाऱ्याकडून तीनशे कापडी पिशव्यांची ऑर्डर आली. पिशवीवर वारली लग्नचौक हवा होता, मधोमध पालघट देवी. आम्ही खूश! हिशेबही मांडला. पण बैठकीत आमच्यातली सगळ्यांत वयस्क सभासद म्हणाली, "चौकाला लग्न लागतं, सवाशिणी लागतात, धवलेरीचं गाणं लागतं. पिशवीवर देवी बसवून आत कांदे भरणार का गं?"

तरुण मुली म्हणाल्या, "आजी, मग खायचं काय?"

दोघींचंही खरं होतं. म्हणून आम्ही तीन बैठका याच विषयावर घेतल्या.

बोलता बोलता जुन्या गोष्टी निघाल्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचं काम मुळात बायांचं. बांबूची काडी चावून तिचीच कुंचली करायची. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी आपल्या भागात आले, त्यांनी कागद दिला आणि चित्र भिंतीवरून बाहेर पडलं. जिव्या सोमा म्हसे लग्नकार्य नसतानाही चित्रं काढत राहिले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात आजच्या काळातल्या जगभरच्या कलाकारांबरोबर त्यांचं काम लागलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे आपली कला जुनी असली तरी आजचीही आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पिढ्यान् पिढ्या भिंती लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं कुठं आहेत? त्या दिवशी प्रत्येकीनं आपल्या आजीचं नाव सांगितलं. ती नावं आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवली.

शेवटी ठरलं ते असं. पालघटचा चौक विकायचा नाही. भातलावणी, तारपा नाच, झाडं, पाखरं विकायची. प्रत्येक पिशवीवर काढणारीचं नाव घालायचं. दर आपण ठरवायचा. व्यापाऱ्यानं ऑर्डर निम्मी केली. त्या दिवाळीला हातात पैसा कमी आला, हे लपवत नाही. दोघी नाराज झाल्या, एक अजून नाराज आहे. तिचंही ऐकून घेतो.

१९९६चा पेसा कायदा सांगतो, की अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार आहे. मग आमचं चित्र हा ग्रामसभेचाच विषय झाला की! आम्ही तो तिथं मांडला. सोबत एक मोठं चित्रही नेलं, दहा वर्षांनंतरचं आपलं गाव कसं हवं त्याचं. मुलींनी विहिरीत पाणी काढलं, डोंगरावर जंगल काढलं, ग्रामसभेत पुढच्या रांगेत बाया बसवल्या. चित्र पाहून एकीनं विचारलं, "दवाखाना कुठाय?" तो तिथल्या तिथं काढला. एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या बाया काठीनं चित्रातल्या जागा दाखवून बोलल्या.

मैत्रिणींनो, तुमच्याकडं वारली चित्र नसेल, पण गोधडी असेल, रांगोळी असेल, जात्यावरची ओवी असेल. पुढच्या बैठकीत एवढं विचारा: यातलं विकायचं काय, राखायचं काय आणि नाव कोणाचं लागणार? मग एक कागद पसरा आणि तुम्हाला हवं तसं गाव काढा. त्यात आपण कुठं बसलोय, तेही काढायला विसरू नका.