मूकपटांतील विनोद आणि श्वाननट
(नालछा येथे वाचक-सभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धारहून मांडवगडाकडे निघालेला प्रवासी वाटेत नालछ्याला घटकाभर थांबतो आणि पुढे जातो. पवारांच्या जुन्या धार संस्थानातले हे गाव. माळव्यात पिढ्यान्पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरांतून दत्ताची तसबीर दिसते आणि त्या तसबिरीत दत्ताच्या पायांशी चार कुत्रे दिसतात. ते चार वेद आहेत, असे आजी नातवंडांना सांगते. खंडोबाबरोबर कुत्रा आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर भावंडे एकेक करून गळून पडल्यावरही धर्मराजाची सोबत न सोडणारा तोही कुत्राच. श्वान मराठी मनाला परका नाही; मात्र या सर्व ठिकाणी त्याची भूमिका गंभीर आहे. त्याला पाहून हात जोडावेत, हसू नये. अपवाद सांगायचा तर नामदेवांच्या आख्यायिकेचा सांगता येईल. कोरडी पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. कीर्तनकार हा प्रसंग रंगवतो तेव्हा श्रोते आधी हसतात आणि मग त्यांचे डोळे पाणावतात. आजच्या विषयाचे बीज या धावण्यातच आहे.

एप्रिल 1918 मध्ये चार्ली चॅप्लिनचा ‘अ डॉग्ज लाइफ’ हा तीन रिळांचा मूकपट प्रदर्शित झाला. एक बेकार, बेघर माणूस आणि स्क्रॅप्स नावाचा एक बेवारशी कुत्रा यांची ही कथा. नोकरीच्या खिडकीशी माणसे एकमेकांना ढकलतात आणि रस्त्यावर एका तुकड्यासाठी कुत्री एकमेकांवर तुटून पडतात. ही दोन दृश्ये चॅप्लिनने अशी शेजारी ठेवली आहेत की भाष्याची गरजच उरत नाही. भटक्याला दुधाची बाटली सापडते. तळाशी थोडे दूध आहे, पण बाटलीचे तोंड अरुंद. तेव्हा तो कुत्र्याचे शेपूट बाटलीत बुडवतो आणि ते त्याला चाटायला देतो. नामदेवांच्या तुपाच्या वाटीचा हा दूरचा, दरिद्री भाऊबंदच म्हणावा लागेल. पुढे नाचघरात कुत्र्याला मज्जाव असतो, म्हणून भटका त्याला आपल्या ढगळ विजारीत लपवतो. मागच्या भोकातून शेपूट बाहेर येते आणि वाद्यवृंदातल्या ढोलावर थापा मारू लागते.

येथे हसवतो कोण? कुत्रा तर मुळीच नाही. आपण विनोद करीत आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. माणूस कितीही कसलेला नट असला तरी ‘आता हसा’ असा एक सूक्ष्म इशारा त्याच्या डोळ्यांत उमटतोच. कुत्र्याच्या डोळ्यांत तो उमटत नाही. मूकपटातला श्रेष्ठ विनोद अशा निर्विकारपणावरच उभा होता. बस्टर कीटनने हसण्याचा त्याग करून जे साधले, ते कुत्र्याला जन्मजात लाभले होते.

कीटनच्या ‘द स्केअरक्रो’ (1920) या लघुपटात हे स्पष्ट दिसते. त्यातला ल्यूक हा कुत्रा मूळचा रॉस्को आर्बकल आणि मिंटा डर्फी या नटदांपत्याच्या घरचा. ‘फॅटीज फेथफुल फिडो’ (1915) या चित्रपटात तो शिडीही चढतो. ‘द स्केअरक्रो’मध्ये ल्यूक मलईची पाय खातो, त्याच्या तोंडाला पांढरा फेस लागतो आणि कीटनला तो पिसाळलेला वाटतो. मग छप्पर नसलेल्या पडक्या घराच्या भिंतींच्या माथ्यावरून पाठलाग सुरू होतो. पुढे माणूस, मागे कुत्रा. दोघेही सारखेच चपळ आणि सारखेच गंभीर. मॅक सेनेटकडचा टेडी नावाचा ग्रेट डेनही त्या काळी नावाजलेला होता. ‘टेडी अ‍ॅट द थ्रॉटल’ (1917) या चित्रपटाच्या शीर्षकातच त्याचे नाव आले. आगगाडीच्या रुळांना जखडलेल्या नायिकेची, म्हणजे ग्लोरिया स्वॉन्सनची, चिठ्ठी नायकापर्यंत पोचवण्याचे काम त्याच्याकडे होते.

हे सारे शक्य झाले त्यामागे एक साधे तांत्रिक कारण होते. चित्रण मूक असल्याने कॅमेऱ्याच्या मागून शिक्षकाला कुत्र्याशी मोठ्याने बोलता येई. हाक मारावी, दटावावे, शाबासकी द्यावी. शिवाय पडद्यावरच्या माणसालाही वाचा नव्हती. दोघे एका पातळीवर होते. 1927 नंतर बोलपट आला, ध्वनिग्राहक यंत्रासमोर शिक्षकाला मौन धरावे लागले आणि कुत्र्याला हातांच्या खुणा शिकाव्या लागल्या. माणूस बोलू लागला. कुत्रा मात्र होता तेथेच राहिला.

या कौतुकाला एक काळी कडाही आहे. स्क्रॅप्सची भूमिका करणाऱ्या कुत्र्याचे खरे नाव मट. भटका त्याला उशी करून झोपतो, ते दृश्य प्रेक्षकांना अतिशय आवडले. परंतु स्टुडिओच्या किरकोळ खर्चात मटच्या नावे साठ सेंटच्या व्हिस्कीची नोंद आहे. कुत्रा इतका निश्चल का पडला, याचा उलगडा त्यातून होतो. पुढे चॅप्लिन युद्धकर्जाच्या प्रचारदौऱ्यावर गेला. मटने अन्न सोडले आणि एप्रिलच्या अखेरीस तो मेला, असे सांगतात. स्टुडिओच्या आवारात त्याला पुरले आणि तो हृदयभंगाने गेला, असे वर लिहिले. ही कथा प्रसिद्धीच्या सोयीची आहे हे उघड आहे. पण धन्याविना अन्न सोडणारा कुत्रा ज्याने पाहिला आहे, त्याला ती सर्वस्वी खोटीही म्हणवणार नाही. बक्षीस आणि व्हिस्की यांतला फरक कुत्र्याला कळत नाही. तो माणसाने पाळायचा असतो.

आपल्याकडे असा विनोदी श्वाननट का झाला नाही? दादासाहेब फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’ (1914) हा छोटा विनोदी चित्रपट केला होता; तरीही मूकपटांवर पुराणकथांचेच राज्य राहिले. मराठी विनोद होता तो कोल्हटकर-गडकऱ्यांच्या लेखणीत आणि रंगभूमीच्या संवादांत, म्हणजे शब्दांत. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलका केल्यावरच त्या विनोदाला चित्रपटात घर मिळाले. 1938 चा ‘ब्रह्मचारी’ हा अत्र्यांच्या शब्दांचा आणि मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाचा. शब्दाच्या पंगतीत कुत्र्याला पान कोण वाढणार?

आणि तरीही मराठी पडद्यावर एक कुत्रा अजरामर झाला आहे. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’च्या बोलपटात (1936) काळोखात उभी असलेली एक भकास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे असे दूरचे दृश्य होते. जे. बी. एच. वाडियांना ते पुढे कितीतरी वर्षे आठवत राहिले.  त्या रडण्याचा अर्थ प्रेक्षकांना कळला, कारण रात्री कुत्रे रडले म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात कोणी सांगावे लागत नाही. याच वाडियांच्या नादियापटांत घोड्याच्या जोडीने गनबोट नावाचा कुत्राही आला, आणि प्रेक्षकांनी त्याला टाळ्या दिल्या. पेंटरांनी ही कथा आधी 1925 साली मूकपटात मांडली होती; 1936 साली शालिनी सिनेटोनसाठी ती बोलपटात पुन्हा आणली. मूक ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही.