गाल सुन्न झाला तर थांबू नका

2021च्या उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या अनेकांना म्युकरमायकोसिसने गाठलं. आपल्याकडे त्याला काळी बुरशी म्हणतात. रक्तातली साखर बेसुमार, त्यात कोरोनासाठी दिलेली स्टिरॉइड. मग ही बुरशी सायनसमधल्या रक्तवाहिन्याच बंद करते आणि तिथलं मांस मरून काळं पडतं. गाल सुन्न होणं, वरचे दात हलणं, डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, ही तिची लक्षणं. अशा वेळी वाफ घेत बसणं घातक आहे. निदानासाठी दुर्बिणीने नाक पाहून काढलेला मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मग अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध शिरेतून देतात. पण मेलेल्या भागात रक्तच नसतं, औषध पोचणार कसं? म्हणून तो भाग काढायला शस्त्रक्रिया लागतेच. नांदेडकरांनो, विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय गाठा. लातूरकरांनो, विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था. लक्षण दिसेल त्याच दिवशी!